छोट्यांचं फ्रेंच: खाण्याचे शब्द आणि 'हे येतं कुठून?'

पाटीपेन्सिल
वय ५ ते ७, दहा-बारा मुलं, आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास. विषय खाण्याचे पदार्थ आणि ते कुठून येतात हा. चित्रांच्या पत्त्यांवर चाळीसेक शब्द झाले तरी दोन अडचणी उरतात. पत्ता समोर असला की शब्द येतो, पत्ता उचलला की शब्दही जातो. आणि नामाआधी लागणारे 'ल' (पुल्लिंगी) नि 'ला' (स्त्रीलिंगी) यांची सरमिसळ थांबत नाही. शब्दांचा क्रम काय असावा, एका वेळी किती द्यावेत, आणि 'कुठून येतं' हा भाग त्याच तासाला घ्यावा की आधी सगळे पदार्थ संपवून मग?

फ्रेंच शब्द इथे देवनागरीतच लिहू या. 'झेब्रा'तला आवाज 'झ' ने आणि 'फ्रोमाज' (चीज) मधला मऊ आवाज 'ज' ने दाखवते. 'श' म्हणताना घशातून आवाज काढला की तो मऊ 'ज' मिळतो.

वेलांटी
'मग' नको, त्याच तासाला घ्या. पत्ता उचलला की शब्द जातो याचं कारणच हे आहे की शब्दाला चित्राखेरीज दुसरा आधार नाही. 'ल ले' म्हणजे दूध, हा शब्द एकटा शिकवला तर त्याला धरायला दोरी नसते. 'ला व्हाश' म्हणजे गाय, हिच्याशी तो बांधला की एक शब्द दुसऱ्याला ओढून आणतो. म्हणून एकेक शब्द न देता जोड्या द्या.

पहिल्या तासाला तीनच जोड्या, म्हणजे सहा शब्द:
ला व्हाश, ल ले (गाय, दूध)
ला पूल, लफ (कोंबडी, अंडं)
लाबेय, ल म्येल (मधमाशी, मध)

प्रश्न एकच: 'दू व्ह्यँ ल ले?' दूध कुठून येतं? उत्तर: 'ल ले व्ह्यँ द ला व्हाश.'

पहिल्या दिवशी मुलांकडून बोलून घेऊ नका. 'मोंत्र-म्वा ला व्हाश' म्हटलं की गाय दाखवायची, 'तूश ल म्येल' म्हटलं की मधाला हात लावायचा, एवढंच. दुसऱ्या तासाला निवड द्या: 'से ल ले ऊ ल म्येल?' दूध की मध? इथे दोन्ही शब्द मुलाच्या कानावर आत्ताच पडलेले असतात, त्याने फक्त एक उचलायचा असतो. स्वतःहून शब्द काढायची वेळ तिसऱ्या तासाला. ही मधली पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि मग 'मुलं गप्प बसतात' अशी तक्रार येते.

आता या तीन जोड्याच का? फ्रेंचमध्ये 'द' (म्हणजे 'पासून') आणि 'ल' एकत्र आले की 'द्यू' होतं. गाय, कोंबडी स्त्रीलिंगी, मधमाशी स्वराने सुरू होणारी, त्यामुळे 'द ला व्हाश', 'द ला पूल', 'द लाबेय' असं सरळ राहतं. पाव मात्र 'द्यू ब्ले', गव्हापासून येतो. तो पहिल्याच दिवशी आणला तर 'ल ब्ले'चं 'द्यू ब्ले' कसं झालं हे कोडं उगाच मध्ये येतं. तो दुसऱ्या आठवड्यात घ्या. अनेकवचनही टाळा, कारण 'व्ह्यँ'चं 'व्ह्येन' होतं. म्हणून एकच अंडं.

काना_मात्रा
वेलांटी यांना अनुमोदन. लिंगाबद्दल थोडं.

मराठीत तीन लिंगं, फ्रेंचमध्ये दोनच. दूध, अंडं, सफरचंद, लोणी, पीठ हे आपल्याकडे सगळे 'ते'. खाण्याच्या शब्दांत नपुंसकलिंगाचा भरणा मोठा, आणि नेमके तेच शब्द फ्रेंचमध्ये दोन बाजूंना विखुरतात: ल ले, ल बर (लोणी), पण ला पॉम (सफरचंद), ला फारीन (पीठ). मराठीवरून अंदाज बांधायची सोयच नाही, त्यामुळे नियम शोधू देऊ नका. 'ले' हा शब्द नाही, 'ल ले' हा शब्द आहे, असंच तोंडात बसवा. स्वतः बोलतानासुद्धा नुसतं 'पॉम' कधी म्हणू नका. शिक्षकाने दोनदा 'ला' गाळला की मुलं दहादा गाळतात.

रंगांचा उपयोग होतो. पत्त्याची किनार 'ल'साठी एका रंगाची, 'ला'साठी दुसऱ्या. मात्र रंग शेवटपर्यंत बदलू नका, आणि गुलाबी-निळा ही जोडी टाळा, नाहीतर मुलं वस्तूला मुलगा-मुलगी समजू लागतात आणि 'सफरचंद मुलगी का?' यावर तास जातो.

खरा घोटाळा स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांत. लफ, लोराँज (संत्रं), लाबेय यांत लिंग दिसतच नाही, दोन्हीकडे नुसता 'ल्'. हे शब्द पत्त्यावर 'एक' लावून द्या: अँ-नफ (पुल्लिंगी), यु-नोराँज, यु-नाबेय (स्त्रीलिंगी). वेलांटींच्या वाक्यात 'लफ' येईल, ते ठीक. पण पत्ता दाखवून विचारताना 'अँ-नफ'च.

पाटीपेन्सिल
'अँ-नफ' ऐकून मुलं अंड्याला 'नफ' म्हणतात, त्याचं काय?

काना_मात्रा
अगदी नेहमीची चूक, आणि फ्रेंच घरातली लहान मुलंही ती करतात. मागच्या शब्दातला 'न' पुढच्या स्वराला चिकटतो म्हणून. उपाय: तोच शब्द तीन रूपांत लागोपाठ ऐकवा. अँ-नफ, लफ, देझ. तीनदा वेगळं टोक पुढे आलं की मधला भाग मूल आपोआप वेगळा काढतं.

'देझ' म्हणजे अनेक अंडी. एकवचनात शेवटचा 'फ' ऐकू येतो, अनेकवचनात जातो आणि स्वरही आवळतो. 'ए' म्हणताना ओठ 'ओ'सारखे गोल करायचे, तो हा स्वर. हे एकटं अंड्याचंच दुखणं नाही, 'ल बफ' (बैल) अनेकवचनात 'ले ब' होतो, तोही असाच.

रानजाई
प्राण्यांकडून येणारं झालं, आता मातीतून आणि झाडावरून येणारं. माझ्या मते या विषयातला सगळ्यात देखणा भाग फळझाडांचा आहे:

ला पॉम, ल पॉम्ये (सफरचंद, त्याचं झाड)
ला प्वार, ल प्वार्ये (नासपती)
ला सरीझ, ल सरीझ्ये (चेरी)
ला फीग, ल फीग्ये (अंजीर)
ल सित्रों, ल सित्रोन्ये (लिंबू)

फळाला 'ये' जोडला की झाड, आणि झाड नेहमी 'ल'. चार फळं शिकवली की पाचव्याचं झाड मुलं स्वतः तयार करतात. 'ला बानान' दिलं आणि 'ल बानान्ये' त्यांच्याकडून आलं की समजा भाषा आत उतरायला लागली. इथे बक्षीस म्हणून काही द्यायची गरज पडत नाही.

अपवाद आधी माहीत असू द्या. ला पेश (पीच) हिचं झाड 'ल पेशे', लोराँजचं 'ओराँजे': फळाचा शेवट 'श' किंवा मऊ 'ज' असला की 'ये'चा 'ए' होतो. द्राक्षं 'ल रेझँ', पण वेल 'ला व्हीन्य', काहीच नातं नाही. अक्रोड 'ला न्वा', झाड 'ल न्वाये'.

इंग्रजी येणाऱ्या मुलांना द्राक्षांपाशी हमखास ठेच लागते. इंग्रजीत मनुकांना जो शब्द आहे, त्याच स्पेलिंगचा फ्रेंच शब्द ताज्या द्राक्षांसाठी आहे. मनुका म्हणजे 'रेझँ सेक', सुकी द्राक्षं. तीच गत 'ला प्र्यून'ची. फ्रेंचमध्ये ते ताजं आलुबुखार, वाळवलेलं ते 'ल प्र्यूनो'. ताजं आणि सुकं शेजारी ठेवून दाखवा, बोलून समजावत बसू नका.

कुठे वाढतं? 'सा पूस ऊ?' उत्तरं तीन: 'स्यूर अँ-नार्ब्र' (झाडावर), 'सू ला तेर' (जमिनीखाली), 'स्यूर ला तेर' (जमिनीवर). एक मोठी तपकिरी पट्टी आडवी काढा, वर झाड, मुलं चित्रं डकवतील. सफरचंद झाडावर, भोपळा जमिनीवर, गाजर आणि बटाटा या मुळ्या जमिनीखाली.

वेलांटी
रानजाई, पट्टीची कल्पना फार छान, पण दोन गोष्टी सांभाळा.

'स्यूर' म्हणजे वर आणि 'सू' म्हणजे खाली. अर्थ उलटे, आणि मुलांच्या कानाला आवाज जवळजवळ सारखे. फरक स्वराचा आहे आणि तो स्वर मराठीत नाही. 'ई' म्हणत राहायचं आणि जीभ तशीच ठेवून फक्त ओठ शीळ घालण्यासारखे पुढे काढायचे. 'यू' असं लिहिणं ही आपली सोय आहे, खरा उच्चार 'य' नसलेला आहे. हे दोन शब्द एकाच दिवशी देऊ नका. आठवडाभर 'सू ला तेर' पक्कं होऊ द्या, मग 'स्यूर'. तोवर झाडासाठी 'दाँ लार्ब्र', झाडात, असं म्हणता येतं. फ्रेंचमध्ये तेही चालतं.

आणि बटाटा मूळ नाही, ते फुगलेलं खोड आहे. गाजर मूळ, कांदा कंद. लहान मुलांना कंदमुळांचा भेद शिकवायची गरज नाही, पण चुकीचं नाव तरी देऊ नये. 'सू ला तेर' एवढंच म्हणा, ते तिघांनाही लागू पडतं. 'पॉम द तेर' या नावातच 'जमिनीचं सफरचंद' असा अर्थ आहे, हे मुलांना सांगितलं की तो लांबलचक शब्द फुकटात पाठ होतो.

रानजाई
बटाट्याचं बरोबर, पट्टीवरून 'मुळं' हा शब्द काढते. मग त्याच न्यायाने केळीचं 'झाड'ही खरं झाड नाही, नाव 'बानान्ये' असलं तरी. अननस जमिनीलगतच्या रोपावर येतो, शेंगदाणा ('ला काकावेत') जमिनीखाली. चित्रं छापलेले तयार संच नेमके इथेच चुकतात, अननस झाडाला लटकलेला असतो. वापरण्याआधी प्रत्येक पत्ता तपासा.

चूलबोळकी
साखरेचा पत्ताही तपासा. फ्रान्समधल्या साखरेचा मोठा भाग बीटापासून येतो, ला बेत्राव्ह. नेपोलियनच्या काळात समुद्री नाकेबंदीमुळे उसाची साखर मिळेनाशी झाली, तेव्हा १९व्या शतकाच्या सुरुवातीला तिथे बीटाची साखर जोरात सुरू झाली. पण ते बीट पांढरं असतं. पत्त्यावर लाल बीट छापलं की मुलांचा प्रश्न रास्तच असतो: मग साखर लाल का नाही? ऊस म्हणजे 'ला कान आ स्यूक्र', तोही चूक नाही. रेयुनियाँ, ग्वादलूप, मार्तिनिक या फ्रान्सच्याच बेटांवर तो पिकतो. 'स्यूक्र'ला दोन पत्ते जोडा.

आता एक प्रयोग, कारण साखळी हातांनी केली की वेगळीच बसते: ला व्हाश, ल ले, ला क्रेम, ल बर.

झाकण घट्ट बसणारी पारदर्शक बरणी, प्लॅस्टिकची, काचेची नको. ३५ टक्के स्निग्धांशाची क्रीम २०० मिली, बरणी निम्म्याहून कमी भरेल एवढीच. क्रीम फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवा, साधारण १२ ते १५ अंश सेल्सिअसला येऊ द्या. मग 'सकू!', हलवा. बरणी फिरती ठेवा, प्रत्येकाने दहापर्यंत मोजायचं: अँ, द, त्र्वा... आकड्यांची उजळणी त्यातच होते. आधी आवाज पाण्यासारखा, मग क्रीम घट्ट होते आणि आवाज थांबतो, इथे मुलं हिरमुसतात. थांबू नका. थोड्या वेळाने एकदम 'थप्' असा गोळा आदळल्याचा आवाज येतो. एकूण १० ते १५ मिनिटं. गोळा गार पाण्यात दोन-तीनदा धुवायचा.

बिघडतं कुठे: क्रीम फार गार असली तर फेसाळून तशीच राहते. फार कोमट असली तर तेलकट चिखल होतो. कमी स्निग्धांशाची किंवा घट्ट राहण्यासाठी पदार्थ घातलेली क्रीम सुटतच नाही, डबा वाचून घ्या. बरणी काठोकाठ भरली तर आत आपटायला जागा उरत नाही. चरबीच्या कणांभोवतालची पातळ आवरणं आपटून फुटतात, तेव्हाच कण एकमेकांना चिकटतात.

वाक्यं तीनच ठेवा: 'से लिकीद' (पातळ आहे), 'से एपे' (घट्ट आहे), 'से द्यू बर!'

मातीचेहात
लोण्याला पंधरा मिनिटं लागतात, मुळ्याला चार आठवडे, पण तेवढ्या काळात तीच चार वाक्यं दर तासाला पुन्हा म्हणायला निमित्त मिळतं. छोटा गोल लाल मुळा घ्या, 'ल रादी', शेवटचा 'स' लिहितात पण म्हणत नाहीत. बी १ सेंमी खोल, दोन बियांत ३ सेंमी अंतर, माती ओलसर. चार-पाच दिवसांत कोंब, २५ ते ३० दिवसांत काढणी.

ज सेम (मी पेरतो), जारोझ (पाणी घालतो), जाताँ (वाट पाहतो), ज रेकोल्त (काढतो). सोबत ला ग्रेन (बी), ला फय (पान), ला रासीन (मूळ).

मुलं मूठभर बी एकाच खड्ड्यात टाकतात. मग नुसती पानं येतात, मुळा धरत नाही. बी पट्टीच्या खुणांवर एकेक ठेवायला द्या. सावलीतही तेच होतं. आणि सुटीमुळे काढणी लांबली तर मुळा आतून भुसभुशीत होतो.

अनुनासिक
नाकातल्या उच्चारांवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 'पँ', 'प्वासों', 'ओराँज' यांत शेवटी 'न' किंवा 'म' नाही. मराठी बोलणाऱ्यांकडून पाव 'पॅन' होतो आणि मासा 'प्वासोन'. चाचणी सोपी: 'पँ' म्हणून संपवताना जीभ टाळूला लागता कामा नये, ओठ मिटता कामा नयेत. नाक चिमटीत धरून म्हटलं आणि आवाज कोंडला, तर बरोबर म्हणताय.

मासा 'प्वासों', विष 'प्वाझों'. लिहिताना फरक एवढाच की माशात दोन 'स' आणि विषात एक. दोन स्वरांमधला एकटा 'स' 'झ' होतो, म्हणून 'सरीझ'मध्येही 'झ'. गोड पदार्थ 'देसेर', वाळवंट 'देझेर'. ही जोडी सात वर्षांच्या मुलांना फार आवडते, चित्रासकट द्या.

'ल आरिको' (घेवड्यासारख्या शेंगा) याचं अनेकवचन 'ले आरिको', मध्ये 'झ' जोडायचा नाही. हा शब्द 'एच' या अक्षराने सुरू होतो, ते उच्चारात नसलं तरी जोड अडवतं. त्याच अक्षराने लिहिलेलं तेल मात्र 'ल्विल'. लहान मुलांना कारण सांगू नका, बरोबर ऐकवत राहा.

आणि पत्त्यांखाली देवनागरी लिहू नका, अशी माझी कळकळीची विनंती. आपल्याला इथे चर्चेला ठीक आहे. मुलाने एकदा 'प्र्यून' वाचलं की त्यातला 'य' आयुष्यभर निघत नाही.

पाटीपेन्सिल
पण घरी पालक सराव कसा घेणार? त्यांना फ्रेंच लिपीतलं वाचता येत नाही.

अनुनासिक
ध्वनिमुद्रण द्या. जोडीमागे दहा सेकंद: शब्द, दोन सेकंद शांतता, पुन्हा शब्द, मग वाक्य. ती शांतता महत्त्वाची, मूल त्यात बोलतं. पालकांनी उच्चार दुरुस्त करायचा नाही, फक्त मूल ऐकतंय एवढं पाहायचं. फ्रेंच लेखन सहा-सात तासांनंतर आणा, तेही कानाला ओळखीच्या शब्दांचंच, आणि न उच्चारली जाणारी अक्षरं फिकट राखाडी छापा. 'ल ले'मधलं शेवटचं अक्षर, 'ल री' (तांदूळ) मधलं शेवटचं अक्षर.

काना_मात्रा
'द्यू' बद्दल राहिलं होतं. तो दोन कामं करतो आणि या विषयात दोन्ही शेजारी येतात. 'ल पँ व्ह्यँ द्यू ब्ले' यात 'द्यू' म्हणजे 'गव्हापासून'. 'ज माँज द्यू पँ' यात 'द्यू' म्हणजे 'थोडा', न मोजलेला पाव. मुलांना हा भेद समजावू नका, पण एकाच तासात दोन्ही वाक्यं टाळा.

खाण्याबद्दल बोलताना दोन साचे पुरतात. आवडीला 'ल/ला': 'जेम ल फ्रोमाज.' खाण्याला 'द्यू/द ला': 'ज माँज द्यू फ्रोमाज.' नकार आला की 'द्यू' गळून 'द' उरतो: 'ज न माँज पा द फ्रोमाज.' आवडीच्या वाक्यात मात्र नकारातही 'ल' टिकतो, 'ज नेम पा ल फ्रोमाज'. पाच वर्षांच्यांना आवडीचा साचाच द्या, तो स्थिर आहे.

पत्त्याविना शब्द येतो का हे पाहायला टोपलीचा खेळ: 'दाँ मों पान्ये, इल्या द्यू पँ...' (माझ्या टोपलीत पाव आहे...) पुढच्याने आधीचं म्हणून आपलं एक घालायचं. पाच वर्षांना चार वस्तूंपर्यंत, सात वर्षांना सहा-सात. त्यापुढे ती स्मरणशक्तीची परीक्षा होते, भाषेची राहत नाही.

चूलबोळकी
चीजवरून: सात वर्षांच्यांसाठी तीन प्राणी, तीन चीज. गाईचं कोंते, मेंढीचं रोकफोर, आणि 'शेव्हर' म्हणजे बकरी, तिच्या दुधाच्या चीजलाही बोलताना नुसतं 'शेव्हर' म्हणतात. दूध देणारी मेंढी 'ला ब्रबी', 'मूतों' (एकूणच मेंढरू) नव्हे. कोंतेचं ४० किलोचं एक चाक करायला सुमारे ४०० लिटर दूध लागतं. १ लिटरची बाटली दाखवून 'अशा ४००' म्हटलं की 'कुठून येतं' सोबत 'किती लागतं' हेही पोचतं.

चाखायला देणार असाल तर आधी पालकांकडून ॲलर्जीची लेखी यादी घ्या: दूध, अंडं, शेंगदाणा, अक्रोड, मासे, गहू. पाच वर्षांच्या मुलांना अख्खी द्राक्षं देऊ नका, उभी चार भागांत चिरा. अख्खे दाणेही नकोत.

पाटीपेन्सिल
एका कॅनडातल्या चित्रसंचात ब्लूबेरीला 'ब्लए' आणि कलिंगडाला 'म्लों दो' दिलंय. फ्रान्सच्या संचात 'मिर्तीय' आणि 'पास्तेक'. चूक कोणाची?

वेलांटी
कोणाचीच नाही, पहिले दोन क्वेबेकचे (कॅनडाचा फ्रेंच बोलणारा प्रांत), दुसरे दोन फ्रान्सचे. जेवणांच्या नावांतही असंच आहे. 'देजने' म्हणजे फ्रान्समध्ये दुपारचं जेवण, क्वेबेक आणि बेल्जियममध्ये सकाळची न्याहारी. एका वर्गात एकच संच धरा आणि ध्वनिमुद्रणही त्याच भागातलं घ्या. आधीच दोन्ही मिसळले असतील तर कॅनडाचे पत्ते बाजूला ठेवून एक-दोन महिन्यांनी 'तिकडची मुलं याला काय म्हणतात' म्हणून आणा.